कोनशिला एका जागी, विहार दुसऱ्या जागी : कोकणातल्या एका बौद्धवाडीचं प्रकरण

उत्तर रत्नागिरीतल्या एका बौद्धवाडीचं हे प्रकरण आहे. गावाचं, माणसांचं नाव देत नाही आणि ओळख पटेल असे एकदोन तपशील बदललेत. मी मुंबई कमिटीच्या बाजूने कागदपत्रं आणि हिशोब बघत होतो त्यामुळे बऱ्याच गोष्टी जवळून बघितल्या. लिहायचं कारण एवढंच की आपल्याकडे वाडीवाडीत विहार बांधायचं काम चालू आहे, ही फार मोठी गोष्ट आहे, पण सभेत सगळी चर्चा एस्टिमेट, मूर्ती आणि उद्घाटनाला कोण येणार यावरच होते. जागा कागदावर कोणाची आणि उद्घाटन झाल्यावर विहार चालवणार कोण, हे दोन प्रश्न शेवटाला येतात. ते पहिल्या सभेत यायला पाहिजेत असं माझं ठाम मत आहे.

पार्श्वभूमी

वाडीत घरं एकतीस. त्यातली बाराही महिने उघडी असतात ती जेमतेम निम्मी, बाकीच्यांना कुलूप, माणसं मुंबई, ठाणे, विरार, पनवेलला. गणपतीची सुट्टी, मे महिना आणि १४ एप्रिल एवढ्यापुरती ही घरं उघडतात. कोकणात असतं तसं इथंही दोन कमिट्या आहेत, गाव कमिटी आणि मुंबई कमिटी. मुंबई कमिटी धर्मादाय आयुक्तांकडे रजिस्टर आहे, गाव कमिटी नाही. पैसा मुंबईचा आणि हात गावाचे असा हा जुना हिशोब, आणि त्यातूनच जुने रुसवेफुगवे पण.

वाडीत १९९० च्या दशकातलं एक समाजमंदिर होतं, दलित वस्ती सुधार योजनेतून बांधलेलं. चार भिंती, वर पत्रे, पुढे ओटा. आत बाबासाहेबांचा आणि बुद्धांचा फोटो. वंदना तिथेच, लग्नाची बोलणी तिथेच, कार्य तिथेच, आणि सकाळी अंगणवाडी पण तिथेच भरायची. म्हाताऱ्या माणसांना १९५६ सालचं ऐकलेलं पाठ होतं, नागपूरला १४ ऑक्टोबरला दीक्षा झाली आणि मग इकडे घराघरातले देव कसे काढले गेले, कोणी पाण्यात सोडले, कोणी आधी घाबरलं आणि मग सोडले. या लोकांची एकच इच्छा, डोळे मिटायच्या आत वाडीत स्वतःचं विहार व्हावं.

२०१८ च्या मे महिन्यात सगळे गावाला आलेले असताना सभेत ठराव झाला. विहार बांधायचं, वंदनेला हॉल आणि बाजूला भिक्खू निवासाची एक खोली. खोलीची सूचना गावातल्याच एका निवृत्त शिक्षकांची. त्यांचं म्हणणं होतं की नुसता हॉल बांधलात तर ते दुसरं समाजमंदिरच होईल, भन्ते येऊन राहिले, शिकवलं, तरच त्या जागेत धम्म राहील. ठराव एकमताने पास झाला. खोलीत राहणाऱ्या भन्तेंना रोज जेवण कोण देणार, हे त्या दिवशी कोणी विचारलं नाही.

जागेचे पर्याय

तीन पर्याय होते, खरं तर चार, पण चौथा लवकर बाद झाला.

पहिला म्हणजे समाजमंदिर पाडून तिथेच विहार. जागा वाडीच्या मध्यावर आणि सगळ्यांच्या सवयीची. पण ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला ती इमारत ग्रामपंचायतीच्या नावावर. सरकारी पैशातून झालेली वास्तू ती, तिथे उद्या मतदान केंद्र येऊ शकतं, सरकारी शिबिर येऊ शकतं, आणि ते योग्यच आहे कारण ती सगळ्या गावाची मालमत्ता आहे. ती पाडून तिथे विहार उभारलं की मालकी ग्रामपंचायतीचीच राहणार आणि कधीतरी कोणीतरी हरकत घेणार. त्यात महिला मंडळाने स्पष्ट सांगितलं की अंगणवाडी कुठे हलवणार ते आधी सांगा, पोरं पावसात मुख्य गावात चालत जाणार नाहीत. हा मुद्दा पुरुषांच्या सभेत आलाच नव्हता. त्या बायका बोलल्या म्हणून समाजमंदिर वाचलं असं मी म्हणेन.

दुसरा पर्याय, डांबरी रस्त्याला लागून असलेली पाच गुंठे जागा. एका काकांनी सभेत उभं राहून जाहीर केलं, "ही जागा माझी, मी विहाराला दिली." टाळ्या झाल्या, डोळ्यांत पाणी आलं लोकांच्या. एसटीतून जाणाऱ्या माणसाला दिसेल असं विहार होणार होतं आणि मुंबईकरांना ते फार आवडलं.

तिसरा पर्याय वाडीच्या आतलं एक पडकं घरठाण. जोतं शिल्लक, भिंती पडलेल्या, आत रान वाढलेलं. जागा लहान, ट्रक येत नाही, शेवटचा टप्पा पाखाडीने, म्हणजे पायऱ्यांच्या पायवाटेने, चालत. घरठाणवाल्यांचा नातू मुंबईत, तो द्यायला तयार होता पण त्याच्याकडे कोणी फार लक्ष दिलं नाही.

चौथा होता गायरान. एकदोघं म्हणाले बांधून टाकू, नंतर नियमित करून घेऊ, सगळेच करतात. हे निवृत्त शिक्षकांनी तिथेच थांबवलं आणि फार बरं केलं. सार्वजनिक जागेवर नवं अनधिकृत धार्मिक बांधकाम होऊ द्यायचं नाही असा सुप्रीम कोर्टाचा २००९ चा आदेश आहे, आणि गावच्या सार्वजनिक जमिनींवरची अतिक्रमणं काढा असा २०११ चा जगपाल सिंह प्रकरणातला निकाल आहे. उद्या नोटीस आली की विहार पाडायची वेळ येते आणि मग तो नुसता कायद्याचा विषय राहत नाही, गावात तेढ होते. आपल्या माणसांनी आयुष्यभराची वर्गणी घालून उभी केलेली वास्तू अशा पायावर उभी राहू नये.

तर निवड झाली रस्त्याकडेच्या जागेची.

कोनशिला आणि त्यानंतरचं वर्ष

मे २०१९ मध्ये बुद्ध पौर्णिमेला कोनशिला बसवली. भूमिपूजन नाही, नारळ नाही, वास्तूची दिशा नाही, बाबासाहेबांनी दीक्षेच्या वेळी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा घेतलेली वाडी आहे, त्यामुळे त्रिशरण पंचशील, भन्तेंचं परित्राण पाठ आणि वाडीतल्या सगळ्यात वयस्कर आजीच्या हाताने शिला. हा भाग सुंदर झाला, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण त्या दिवसापर्यंत जागेचा सातबारा कोणीही नीट वाचलेला नव्हता.

पावसानंतर आर्किटेक्टने कागद मागितले तेव्हा दोन गोष्टी निघाल्या. एक, जागा सामाईक खात्यात, सहहिस्सेदार सतरा, त्यातले बरेच मयत आणि वारस नोंदी झालेल्याच नाहीत. काकांचा हिस्सा होता, पण तो नेमका याच पाच गुंठ्यांत आहे असं कुठल्याही कागदावर नव्हतं. त्यांच्या घरचे ती जागा पिढ्यान्‌पिढ्या कसत होते म्हणून ती त्यांची, एवढंच. दोन, जमीन मूळची महार वतनाची (गावकीच्या कामाच्या बदल्यात मिळालेली), म्हणजे भोगवटादार वर्ग २. तिचं हस्तांतर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय होत नाही, दान असलं तरी.

इथे थोडं थांबतो, कारण आपल्या बहुतेक वाड्यांमध्ये हा पेच आहे. वतनाच्या नावाखाली राबवून घेण्याविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ मध्येच मुंबई कायदेमंडळात बिल मांडलं होतं. पुढे १९५८ चा कनिष्ठ गाववतनं रद्द करण्याचा कायदा आला, १९५९ पासून लागू झाला, वतनं गेली आणि जमिनी परत मिळाल्या पण नव्या शर्तीवर. ही शर्त एका अर्थी संरक्षण आहे, नाहीतर त्या जमिनी केव्हाच कवडीमोलाने गेल्या असत्या आणि अनेक ठिकाणी तरीही गेल्याच. पण त्यामुळेच आपल्या माणसाला आपलीच जमीन आपल्याच विहाराला द्यायची म्हटली तरी परवानगीच्या फाईलमागे फिरावं लागतं. शिवाय शेतजमिनीतला एवढासा तुकडा वेगळा काढायचा म्हटलं की तुकडेबंदी कायदा आडवा येतो आणि वर बिनशेतीचा प्रश्न. हे सगळं अशक्य नाही, पण सतरा जणांचे वारस गोळा करायचे, वाटप करायचं, मग परवानगी, मग बक्षीसपत्र, एवढा पल्ला होता.

काकांचा स्वर बदलला नाही, ते शेवटपर्यंत म्हणत होते की जागा दिली म्हणजे दिली. पण त्यांच्या एका चुलतभावाने सांगितलं की आमचा हिस्सा धरून तू कसा देतोस. दोन्ही घरांतली बोलाचाली बंद झाली. वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणी गाव कमिटीला बोलायला लागलं, कोणी मुंबई कमिटीला. आणि मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला.

निसर्ग वादळ

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं. श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या पट्ट्यात ज्यांनी ते बघितलंय त्यांना वेगळं सांगायला नको. आंबा, सुपारी, नारळ मुळासकट गेले, घरावरची कौलं, पत्रे उडाले. वाडीतल्या समाजमंदिराचे पत्रे शेताच्या पलीकडे जाऊन पडले. वीज कितीतरी दिवस नव्हती.

विहारासाठी जमलेल्या पैशाचं काय करायचं हा मोठा निर्णय तेव्हा समोर आला. लॉकडाऊनमुळे मुंबईत कित्येकांचे पगार बंद आणि गावात घरावर छप्पर नाही. काही जण म्हणाले विहाराच्या पैशाला हात लावायचा नाही, धम्मदान आहे ते. मुंबई कमिटीने ऑनलाइन मीटिंग घेऊन ठराव केला की ज्या घरांची छप्परं गेलीत त्यांना विहार निधीतून बिनव्याजी रक्कम द्यायची, जमेल तशी परत घ्यायची, पावती आणि नोंद दोन्ही ठेवायची. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात चांगला निर्णय हाच. दानाचा पैसा माणसासाठी वापरला, तोही लेखी ठरावाने. दोन वर्षांत बहुतेक सगळी रक्कम परत आली, ज्यांची आली नाही त्यांची माफ केली. आणि त्यानंतर वर्गणीवरची कुरकुर एकदम कमी झाली, कारण पैसा कुठे जातो ते प्रत्येकाने डोळ्यांनी बघितलं होतं.

घरठाणाकडे परत, आणि आत्यांची सही

२०२१ मध्ये जागा बदलायची का यावर मोठी चर्चा झाली. कोनशिला बसलीय, भन्तेंच्या हस्ते कार्यक्रम झालाय, आता जागा बदलली तर लोक काय म्हणतील, ही एक बाजू. दुसऱ्या बाजूला निवृत्त शिक्षक आणि महिला मंडळ. एक आक्का बोलल्या ते इतिवृत्तात नोंदलेलं आहे : "रस्त्यावर बांधलंत तर गाड्यावाल्यांना दिसेल. आत बांधलंत तर आम्ही रोज जाऊ." संध्याकाळी स्वयंपाक टाकून रस्त्यापर्यंत अंधारात वंदनेला कोण जाणार, हा तिचा सरळ प्रश्न होता. मतदान घेतलं, घरठाण निवडलं गेलं. काकांना वाईट वाटलं, ते काही महिने सभेला आले नाहीत.

घरठाणाचा फायदा असा की ते गावठाणात. तिथे सातबाऱ्याचा, शर्तीचा, बिनशेतीचा प्रश्न येत नव्हता. पण ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नाही, हे लक्षात ठेवायला हवं. त्याच सुमाराला स्वामित्व योजनेत गावठाणाची ड्रोन मोजणी झाली, चुन्याच्या रेषा मारल्या गेल्या, मिळकत पत्रिका तयार व्हायला लागल्या. जागेची हद्द पहिल्यांदाच कागदावर पक्की झाली. शेजारच्या वाडीतल्या लोकांनी पाखाडी अडेल म्हणून ग्रामसभेत हरकत घेतली होती, ती नकाशा समोर ठेवल्यावर मिटली, पाखाडीसाठी चार फूट सोडायचे असं लेखी ठरलं. भांडण होता होता राहिलं ते त्या नकाशामुळे.

आता मालक कोण. घर होतं नातवाच्या आजोबांच्या नावावर. आजोबांना तीन मुलगे आणि दोन मुली. मुलग्यांकडच्या सगळ्यांनी होकार दिला, संमतीपत्रं झाली, आणि कमिटीने बक्षीसपत्राची तारीखही ठरवली. मुलींचं नाव कोणाच्या डोक्यात नव्हतं. "त्या काय, लग्न होऊन गेल्या" असं बोलून विषय संपला होता. हिंदू वारसा कायदा १९५६ बौद्धांनाही लागू आहे आणि बापाच्या मिळकतीत मुलगी वारस आहेच, हे वकिलाने सांगितलं तेव्हा धावपळ झाली.

एक मुलगी वारलेली, तिची मुलं कल्याणला, त्यांनी लगेच सह्या केल्या. दुसरी मुलगी, म्हणजे नातवाच्या आत्या, वय ऐंशीच्या आसपास, शेजारच्या तालुक्यात. कमिटीतले दोघं स्टॅम्पपेपर घेऊन गेले आणि सही न घेता परत आले. आत्यांनी विचारलं होतं, "दान द्यायला माझी ना नाही. पण कोनशिला बसली, जागा बदलली, सगळं ठरलं, मला कोणी विचारलं का? मी त्या घरात जन्मले." कमिटीत काही जणांना हा हट्ट वाटला. मला तसं अजिबात वाटत नाही. ती बाई बरोबर बोलत होती. बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलात मुलीच्या वारसाहक्कासाठी भांडून १९५१ मध्ये मंत्रिपद सोडलं, आणि त्यांच्याच नावाने जय भीम करणाऱ्या वाडीत विहाराच्या जागेसाठी मुलीला विचारायचं राहून जातं, हे साधं नाही.

यावर गाव कमिटीच्या अध्यक्षांनी जे केलं ते शिकण्यासारखं आहे. ते वकिलाला न घेता, बायकोला आणि घरठाणवाल्या नातवाला घेऊन आत्यांकडे गेले, अख्खा दिवस थांबले, पहिल्यापासून सगळं सांगितलं आणि सही मागितलीच नाही. वाडीच्या पुढच्या सभेला यायचं आमंत्रण दिलं. आत्या आल्या. आपल्या जोत्यावर उभ्या राहिल्या, चूल कुठे होती, पाणी कुठून आणायचो ते पोरींना दाखवलं आणि सभेत स्वतः सांगितलं की ही जागा मी आणि माझे भाऊ देतोय. २०२२ मध्ये दुय्यम निबंधकांकडे बक्षीसपत्र रजिस्टर झालं, देणारे सगळे वारस, घेणार मुंबईची रजिस्टर संस्था, ट्रस्टींची स्वीकृती आणि दोन साक्षीदार. दानफलकावर दोन्ही मुलींची नावं भावांच्या बरोबरीने, त्याच अक्षरात.

आपल्या कोकणातल्या कुड्याच्या लेण्यांत दानाचे लेख आहेत, त्यात बायकांची नावं आहेत, भिक्खुणींची आहेत, फुलं विकणाऱ्या माळ्याचं आहे. दोन हजार वर्षांपूर्वी दान देणारीचं नाव दगडावर कोरायची रीत होती. आपण तेवढं तरी करायला पाहिजे.

पैसा

वर्गणी घरटी सारखी ठेवायची की ऐपतीप्रमाणे, यावर तीन सभा गेल्या. शेवटी किमान रक्कम सारखी आणि वर ज्याला जे जमेल ते, असं ठरलं. गावातल्या घरांना अर्धी रक्कम श्रमदानात द्यायची मुभा ठेवली, दिवसाची मजुरी धरून. हजेरीची वही घातली. यामुळे गाव कमिटीला आपण फुकटे नाही हे दाखवता आलं, आणि मुंबईकरांनाही कळलं की चिरे (जांभ्या दगडाचे ठोकळे) पाखाडीने डोक्यावरून आणणं म्हणजे काय.

एका पुढाऱ्याकडून ऑफर आली, निधी देतो, नावाचा बोर्ड लावा. मोह झाला, खोटं कशाला सांगू. पण खासदार निधीच्या नियमांतच धार्मिक स्थळाच्या कामाला मनाई आहे, आणि मग "सभागृह" असं नाव दाखवून पैसा घ्यायचा आणि आत विहार करायचं, ही पळवाट अनेक ठिकाणी वापरतात. तसं केलं की ती वास्तू पुन्हा समाजमंदिरासारखी सरकारी होते आणि आपण जिथून निघालो तिथेच येतो. कमिटीने नाही म्हटलं. त्याऐवजी ग्रामपंचायतीमार्फत वस्ती विकासाच्या योजनेतून पाखाडी सिमेंटची करून द्या, दिवे द्या आणि समाजमंदिराला नवीन पत्रे द्या, अशी मागणी केली. ते आपल्या हक्काचं आहे आणि विहार आपल्या पैशाचं. पाखाडी आणि दिवे झाले, पत्र्यांना वेळ लागला.

नकाशा आणि बांधकाम

पहिल्या नकाशात संडास नव्हता. स्वयंपाकाची जागा पण नव्हती. चौथरा, कमान, घुमट हे सगळं मात्र होतं. महिला मंडळाने घुमट रद्द करायला लावला आणि त्या पैशात संडास, मोरी, ओटा आणि पाण्याची टाकी घातली. भन्ते राहणार असतील तर हे लागणारच, आणि लग्नकार्याला आलेल्या बायकांनी काय करायचं हा प्रश्न समाजमंदिरात तीस वर्षं कोणी सोडवला नव्हता.

कोकणात काम करायला हंगाम असतो, दिवाळीनंतर ते मे. वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यात बांधकाम होत नाही. पहिल्या हंगामात, २०२२-२३ मध्ये, जोतं, चिऱ्याच्या भिंती आणि स्लॅब. निसर्ग बघितल्यावर पत्र्याचं नाव कोणी काढलं नाही. स्लॅब एप्रिलमध्ये पडला आणि नेमकी तेव्हाच विहीर आटली, स्लॅबला पाणी मारायला टँकर आणावे लागले, तो खर्च एस्टिमेटमध्ये धरलेला नव्हता. स्लॅब मार्चच्या आत पडला पाहिजे, हे कोकणातल्या प्रत्येक कमिटीने लिहून ठेवावं. दुसऱ्या हंगामात गिलावा, लादी, दरवाजे, चौथरा.

मूर्ती थायलंडच्या उपासकांच्या दानातली, एका भन्तेंमार्फत आली. पिंपळ कुठे लावायचा यावर पोरांचा आग्रह दारातच असा होता, मिस्त्रीने समजावलं की मुळं जोत्यात शिरतील, मग खालच्या बांधाला लावला, इमारतीपासून लांब.

लोकार्पण २३ मे २०२४, बुद्ध पौर्णिमा. लोकसभेची आचारसंहिता चालू होती त्यामुळे स्टेजवर कोण आणि बोर्डावर कोण हा विषयच आला नाही. रस्त्याकडेची जागा देऊ केलेले काका त्या दिवशी आले. मूर्तीपुढची पहिली मेणबत्ती लावायला अध्यक्षांनी त्यांना पुढे बोलावलं.

वर्षावास

खरी परीक्षा दोन महिन्यांत आली. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत भन्तेंनी इथे वर्षावास करावा, म्हणजे पावसाळ्यात एकाच जागी राहावं, अशी सगळ्यांची इच्छा. पण मुळात भिक्खू कमी आणि मागणी करणारी गावं भरपूर. आणि समजा आले असते तरी, भिक्खूंचं जेवण दुपारी बाराच्या आत, आणि आषाढात वाडीतल्या सगळ्या बायका सकाळपासून लावणीला शेतात. उघडी घरं पंधरा. दर पंधरा दिवसांनी प्रत्येक घराची पाळी, तीन महिने, लावणीच्या दिवसांत. २०१८ च्या सभेत न विचारलेला प्रश्न हा होता.

पहिल्या वर्षी भन्ते मिळालेच नाहीत. बौद्धाचार्यांनी (धम्मविधी करणाऱ्या गृहस्थ उपासकांनी) रोज संध्याकाळी बाबासाहेबांच्या धम्मग्रंथाचं वाचन केलं, दहा-बारा माणसं बसायची, त्यात शाळेतली पोरं जास्त. काही मुंबईकर नाराज झाले की खोली रिकामी राहिली. पण दुसऱ्या वर्षी, २०२५ मध्ये, आजूबाजूच्या पाच वाड्यांनी मिळून भन्तेंना बोलावलं. राहणं या विहारात, भोजनदानाच्या पाळ्या पाचही वाड्यांत वाटून. लावणीच्या पंधरवड्यात ज्या घरात म्हातारी माणसं होती त्यांनी आणि दोन ठिकाणी पुरुषांनी स्वयंपाक केला. भन्ते पूर्ण तीन महिने राहिले. पोरांना पाली गाथांचा अर्थ कळायला लागला, आणि ज्या दोन घरांची बोलाचाली बंद होती ती एकाच पंगतीत बसली.

आज काय स्थिती

जमा पैशातले दोन लाख खर्च न करता संस्थेच्या नावाने मुदत ठेवीत ठेवलेत, मुद्दलाला हात लावायचा नाही असा ठराव आहे. वर्षाला तेरा-चौदा हजार व्याज येतं, त्यात वीजबिल आणि किरकोळ दुरुस्ती भागते. या ठरावाला विरोध होता, रंग राहिलाय, कंपाउंड राहिलंय आणि तुम्ही पैसे बँकेत ठेवताय असं लोक म्हणत होते. तेव्हा शिक्षकांनी नाशिकच्या लेणी क्रमांक १० मधल्या उषवदाताच्या (क्षत्रप राजा नहपानाच्या जावयाच्या) लेखाचं उदाहरण दिलं. त्याने लेणं दिलं आणि वर ३००० कार्षापण (त्या काळची नाणी) गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, कायमचे ठेवले, त्यातल्या २००० वर महिना शेकडा एक व्याज, आणि त्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापण चिवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी. हिशोब करून बघा, वर्षाचे २४० होतात, बरोबर वीस जणांचे. सभेत हा हिशोब फळ्यावर मांडला आणि ठराव पास झाला.

अडचणी संपलेल्या नाहीत. पश्चिमेच्या भिंतीतून पावसाचं पाणी झिरपतं, चिरा पाणी पितो आणि बाहेरून गिलावा राहिलाय. पुस्तकांचं कपाट भरलेलं आहे पण वाचणारं कोणी नाही. नवीन ट्रस्टी निवडले त्यांचा बदल अर्ज धर्मादाय कार्यालयात प्रलंबित आहे, आणि गाव कमिटीचा एकही माणूस ट्रस्टी नाही हा गावाचा आक्षेप रास्त आहे, तो अजून सुटलेला नाही.

काय वेगळं करता आलं असतं

कोनशिलेच्या आधी उतारा, फेरफार आणि वारसांची यादी वकिलाला दाखवायला हवी होती. खर्च फार नव्हता, तीन वर्षं वाचली असती आणि दोन घरांतली तेढ पण. सभेत भावनेच्या भरात कोणी जागा जाहीर केली तर त्या माणसाचा मान ठेवून, कागद बघून ठरवू असं तिथेच म्हणायला हवं होतं, कारण नंतर नाही म्हणताना त्याचा जास्त अपमान होतो. काकांचं दुखणं तेच होतं.

महिला मंडळाला जागेच्या आणि नकाशाच्या पहिल्या सभेत बसवायला हवं होतं. अंगणवाडी, संध्याकाळची वंदना, संडास, स्वयंपाक, हे चारही मुद्दे त्यांच्याकडून आले आणि चारही वेळा आधीचा निर्णय बदलावा लागला.

भिक्खू निवासाची खोली बांधायची की नाही, यावर अजूनही मतं दोन आहेत. एका वाडीला ती झेपत नाही हे दिसलंच. माझं मत असं की खोली बांधायची, पण पाच वाड्यांनी मिळून एकाच ठिकाणी, आणि भोजनदानाची वही खोलीच्या आधी तयार करायची. बाकीच्या चार वाड्यांत सध्या वेगवेगळे विहार चालू आहेत किंवा ठरतायत, आणि प्रत्येकाच्या नकाशात खोली आहे. हे थांबवून बोलायला हवं, पण प्रत्येक वाडीचा अभिमान मध्ये येतो आणि तो अभिमानही मला कळतो.

त्यातल्या एका वाडीने कोनशिलेची तारीख पुढे ढकललीय. त्यांच्या जागेवर अकरा वारस आहेत, चार मुली धरून. सात सह्या झाल्यात, एक मुलगी सुरतला आहे, तिच्याकडे दिवाळीनंतर दोघं जाणार आहेत.